एका क्रमांकाच्या दोन ठेव पावत्या: वेब सर्व्हरमार्गे शाखांमध्ये छपाई करण्याचे एक प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागात मुख्य कार्यालय आणि खानापूर, निपाणी व येळ्ळूर येथे शाखा असलेल्या एका सौहार्द सहकारी पतसंस्थेत अंतर्गत लेखापरीक्षण चालू असताना खानापूर शाखेच्या कपाटातून मुदत ठेवीच्या दोन पावत्या निघाल्या. ठेव क्रमांक एकच, ठेवीदार एकच, रक्कम आणि तारीखही तीच. फरक इतकाच की ज्या छापील नमुन्यांवर त्या उमटल्या होत्या, त्यांचे अनुक्रमांक लागोपाठचे होते. एक पावती ठेवीदाराने कर्जासाठी तारण म्हणून आणून दिलेली होती आणि दुसरी शाखेबाहेर कधी गेलीच नव्हती, त्यामुळे पैशाचा गैरव्यवहार झाला नव्हता. तरीही ज्या कागदावर कर्ज मिळते तो कागद दोनदा छापला जाणे आणि सॉफ्टवेअरच्या नोंदीत मात्र तो एकदाच छापलेला दिसणे, ही गोष्ट लेखापरीक्षकांनी गंभीर मानली आणि ती योग्यच होती. प्रस्तुत टिपण त्या दोन पावत्यांचे कारण आणि त्यानंतर बदललेली छपाईची मांडणी यांविषयी आहे.

आधीची मांडणी

संस्थेचे सॉफ्टवेअर मुख्य कार्यालयातल्या एका लिनक्स सर्व्हरवर चालते आणि शाखांतले कर्मचारी ते ब्राउझरमधून वापरतात. सुरुवातीला छपाईही ब्राउझरमधूनच होत असे. पावती पडद्यावर उघडायची आणि प्रिंटची आज्ञा द्यायची. त्यात कागदाच्या तळाशी ब्राउझर आपला पत्ता आणि तारीख छापी, ही अडचण किरकोळ होती. खरी अडचण ही होती की छपाईची खिडकी उघडल्यावर पुढे काय झाले हे ब्राउझर सॉफ्टवेअरला कळवत नाही. कर्मचाऱ्याने पावती छापली, आज्ञा रद्द केली, की पाच प्रती काढल्या, यांतले काहीच सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. ज्या कागदाचा हिशेब ठेवायचा आहे त्याची छपाई सर्व्हरच्या हातून व्हावी, हा संस्थेचा विचार त्यामुळे मुळात बरोबर होता.

तो अमलात आणताना सोपा मार्ग निवडला गेला. शाखांतले लेझर प्रिंटर इथरनेटने जोडलेले होते, आणि आजकालच्या अशा बहुतेक प्रिंटरांप्रमाणे त्यांना आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, समजत होता. त्यासाठी प्रिंटरच्या पोटातच एक लहानसा वेब सर्व्हर असतो आणि तो ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर विनंत्या घेतो. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच नेलेली खासगी जोडणी, आधीपासून होते. मुख्य कार्यालयातल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या घेऊन पलीकडे पोहोचवणारा मध्यस्थ, म्हणून पुढे उभे केले, प्रत्येक शाखेसाठी एक वाट ठरवून दिली, आणि त्या वाटेने आलेली विनंती व्हीपीएनमधून थेट त्या शाखेच्या प्रिंटरकडे जाईल अशी सोय केली. सॉफ्टवेअर पावतीची पीडीएफ तयार करी, प्रिंटरला कळेल अशा चित्रात बदलून ती आयपीपीच्या विनंतीत घालून पाठवी, आणि वेब सर्व्हरकडून २०० हा यशाचा संकेत आला की ‘छापले’ अशी नोंद करी. दुसरा कोणताही संकेत आला तर पडद्यावर ‘छपाई झाली नाही’ असा संदेश येई आणि छपाईचे बटण पुन्हा खुले होई.

खानापूरला काय घडले

ठेव पावतीचे छापील, अनुक्रमांकित नमुने शाखा व्यवस्थापकांच्या ताब्यात, कुलपात असतात. शाखेतला रिवाज असा पडला होता की क्लार्क आधी छपाईची आज्ञा देई, मग व्यवस्थापकांकडून नमुना मागून आणी, आणि तो प्रिंटरच्या हाताने भरायच्या फटीत घाली. व्यवस्थापक ग्राहकाशी बोलत असतील तर यात दोन-चार मिनिटे सहज जात. तोवर प्रिंटरने विनंती तर घेतलेली असे, पण कागद नसल्यामुळे उत्तर दिलेले नसे. एन्जिनएक्स मूळ नेमणुकीप्रमाणे, म्हणजे कोणी सेटिंग बदलले नसेल तर, पलीकडच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीही आले नाही तर वाट पाहणे सोडतो आणि अलीकडे ५०४ हा संकेत पाठवतो. म्हणजे क्लार्क नमुना घेऊन परत येईपर्यंत पडद्यावर ‘छपाई झाली नाही’ हा संदेश उभा असे.

पुढचे सांगण्याची गरज नाही, पण क्लार्कने ते लेखापरीक्षकांना जसे सांगितले तसे नोंदवणे बरे: “छापलं नाही म्हणून दाखवलं सर, म्हणून परत एकदा दाबलो की. मशीन पहिलं पण धरून बसलंय हे कसं कळणार?” त्या दिवशी आणखी ठेवी असल्यामुळे त्याने एकाहून अधिक नमुने आणले होते, पहिला घालताच आधीची विनंती उमटली, दुसरा घालताच नंतरची. दुसऱ्या विनंतीचे उत्तर वेळेत आल्यामुळे नोंद झाली ती एकाच छपाईची. जादा पावतीची नोंद कोठे करावी याची सॉफ्टवेअरमध्ये सोयच नव्हती, म्हणून ती कपाटात राहिली.

हे कारण अंदाजाने ठरवलेले नाही. एन्जिनएक्सच्या नोंदवहीत त्या वेळेला एका विनंतीपुढे ५०४ आणि बरोबर ६० सेकंद, आणि तिच्या पाठोपाठच्या विनंतीपुढे २०० अशी नोंद होती; प्रिंटरच्या स्वतःच्या यादीत मात्र दोन्ही कामे पूर्ण झालेली होती. मागच्या नोंदी चाळल्या तेव्हा अशा जोड्या इतरत्रही सापडल्या, परंतु त्या कर्जखात्याच्या उताऱ्यांसारख्या साध्या कागदांच्या होत्या आणि जादा प्रत फाडून टाकल्याने कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. दोष क्लार्कवर टाकण्यासारखा नव्हता. यंत्राने ‘झाले नाही’ म्हटल्यावर पुन्हा करणे हे त्याचे कामच होते.

एचटीटीपी असूनही संकेतस्थळ नव्हे

आयपीपी एचटीटीपीवर, म्हणजे ब्राउझर आणि वेब सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांवर, चालतो, म्हणून त्याची विनंती कोणत्याही वेब सर्व्हरमधून पलीकडे जाऊ शकते, आणि गफलत नेमकी या सोयीतच दडलेली आहे. वेब सर्व्हरच्या मूळ नेमणुका संकेतस्थळाची पाने डोळ्यांसमोर ठेवून ठरलेल्या असतात: विनंती लहान, उत्तर झटपट, संकेत खरा, आणि काही बिघडले तर पुन्हा मागितल्याने नुकसान नाही. छपाईच्या बाबतीत ही चारही गृहीतके मोडतात. उरलेले सगळे तपशील या एका गोष्टीतून निघतात असे माझे मत आहे.

आयपीपीची विनंती म्हणजे एचटीटीपीची एक पोस्ट, म्हणजे माहिती पाठवणारी, विनंती, जिच्या आशयाचा प्रकार ‘ॲप्लिकेशन/आयपीपी’ असा असतो. तिच्या आत पहिल्या आठ बाइटांत आवृत्ती, कृतीचा क्रमांक आणि विनंतीचा क्रमांक येतो. मग गुणधर्मांचे गट, त्यांत अक्षरसंच, भाषा आणि प्रिंटरचा पत्ता आधी. त्यानंतर गुणधर्म संपल्याची खूण आणि शेवटी खुद्द दस्तऐवज. २००० साली आलेल्या १.१ आवृत्तीपासून २०१७ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणकांचे दस्तऐवज) ८०१० आणि ८०११ या नव्या रूपात प्रसिद्ध होईपर्यंत हा साचा तोच राहिला आहे. म्हणजे हा लिफाफ्यातला लिफाफा आहे, आणि वेब सर्व्हर फक्त बाहेरचा वाचतो.

याचा पहिला परिणाम उत्तराच्या संकेतावर होतो. एचटीटीपीचा २०० हा संकेत आयपीपीची विनंती पोहोचली आणि तिला उत्तर मिळाले एवढेच सांगतो. ते उत्तर नकाराचेही असू शकते: हेक्स (सोळाच्या पायावरील) ०४०६ म्हणजे असा प्रिंटर नाही, ०४०ए म्हणजे दस्तऐवजाचा हा प्रकार चालत नाही, ०५०६ म्हणजे प्रिंटर सध्या कामे घेत नाही, ०५०७ म्हणजे प्रिंटर व्यग्र आहे. हे सर्व नकार २०० च्या पोटात येतात. सॉफ्टवेअर २०० पाहून ‘छापले’ लिहीत असल्यामुळे निपाणी शाखेत याच्या उलट प्रकारही घडत होता: प्रिंटर व्यग्र म्हणून काम नाकारले गेले, कागद निघाला नाही, आणि नोंदीत मात्र छपाई झाली. तेथील कर्मचारी अशा वेळी मुख्य कार्यालयाला फोन करून नोंद ‘सोडवून’ घेत. एकाच मांडणीतून एका शाखेत न झालेली छपाई झाल्याची नोंद आणि दुसऱ्या शाखेत झालेली छपाई न झाल्याचा संदेश निघत होता, ही गोष्ट लक्षात आल्यावर केवळ ६० सेकंदांची मुदत वाढवून भागणार नाही हे स्पष्ट झाले.

दुसरा परिणाम पत्त्यांवर होतो. प्रिंटरचा पत्ता बाहेरच्या विनंतीत असतो आणि आतल्या गुणधर्मातही असतो. प्रॉक्सी बाहेरचा बदलतो, आतल्याला हात लावत नाही. उलट दिशेने, उत्तरात प्रिंटर नव्या कामाचा पत्ता देतो तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे, म्हणजे शाखेतल्या अंतर्गत पत्त्यानुसार, आणि सॉफ्टवेअरला त्या पत्त्यावर थेट जाता येत नाही. प्रॉक्सीने आतला आशय वाचून पत्ते बदलावेत असा एक प्रस्ताव आला होता. तो स्वीकारला नाही हे बरे झाले, कारण आयपीपीमध्ये कामाच्या पत्त्याऐवजी प्रिंटरचा पत्ता आणि कामाचा क्रमांक यांची जोडी देऊनही कामाची चौकशी करता येते. सॉफ्टवेअरने तेवढीच जोडी वापरायची असे ठरले आणि तो प्रश्न मिटला.

रांग कोठे असावी

प्रिंटरचा अंगचा वेब सर्व्हर तुटपुंज्या स्मृतीवर चालतो आणि त्याच्याकडे खरी रांग नसते, तेव्हा मध्ये एक छपाई सर्व्हर हवा यावर सर्वांचे एकमत होते. लिनक्सवर त्यासाठी कप्स आहे. १९९९ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली स्वतःच एचटीटीपी सर्व्हर आहे, विनंती व दस्तऐवज डिस्कवर घेते, कामाचा क्रमांक लगेच परत देते आणि छपाईचे पुढे पाहते. प्रिंटरमध्ये कागद नसला तरी उत्तर अडत नाही. वाद होता तो कप्स मुख्य कार्यालयात ठेवावे की प्रत्येक शाखेत यावर.

मुख्य कार्यालयात ठेवणे देखभालीला सोपे होते आणि व्यवस्थापनाचा कल तिकडेच होता. त्याविरुद्धचे मुख्य कारण आकाराचे होते. संस्थेचे स्वस्त लेझर प्रिंटर पीडीएफ घेत नाहीत. त्यांना पानाचे चित्र, म्हणजे रास्टर, लागते. पावतीची पीडीएफ काही दहा केबींची असते, पण एफोर आकाराचे एक पान इंचाला ६०० ठिपक्यांनी करड्या छटांत मांडले तर दाबून लहान करण्यापूर्वी ते सुमारे ३५ एमबी होते. दाबल्यावर ते पुष्कळ कमी होते हे खरे, तरी हे रूपांतर मुख्य कार्यालयात करून परिणाम खानापूरच्या ब्रॉडबँडवरून पाठवण्यापेक्षा पीडीएफ शाखेत पाठवून रूपांतर प्रिंटरच्या शेजारी करणे शहाणपणाचे. दुसरे कारण पावसाळ्याचे. खानापूर तालुक्यात पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस असतो, आणि त्या दिवसांत वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात-येतात. अर्ध्यात तुटलेले रास्टर आणि अर्धवट उमटलेली पावती यांपेक्षा, पूर्ण पोहोचलेली किंवा मुळीच न पोहोचलेली पीडीएफ हिशेबाला सोपी.

म्हणून प्रत्येक शाखेत एक लहान संगणक बसवला, त्यावर डेबियन हे लिनक्स आणि कप्स. शाखांच्या ब्रॉडबँडला बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता नसतो, त्यामुळे जोडणी शाखेकडूनच सुरू व्हावी लागते. वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा शाखेचा संगणक उघडतो आणि दर २५ सेकंदांनी एक छोटे पाकीट पाठवून तो जागता ठेवतो. या जोडणीने एक विचित्र बिघाड दाखवला. वीज परत आल्यावर संगणक सुरू होई, कप्स बोगद्याच्या पत्त्यावर ऐकू पाही, पण बोगदा तोवर उभा राहिलेला नसे, आणि मग दिवसभर शाखा ‘पोहोचेना’. कप्सने बोगद्यानंतरच सुरू व्हावे असा क्रम सिस्टमडीत (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) लिहिल्यावर तो थांबला.

वेब सर्व्हरच्या नेमणुका

मुख्य कार्यालयातला एन्जिनएक्स तसाच ठेवला, कारण शाखांकडे जाणारी वाट, टीएलएस (जोडणीचे सांकेतिकीकरण) आणि नोंदवही एका जागी असणे उपयोगाचे होते. बदल झाले ते असे. विनंतीच्या आशयाची कमाल मर्यादा मूळची १ एमबी असते. कर्जप्रकरणाचे स्कॅन केलेले कागद ती सहज ओलांडत आणि ४१३ हा संकेत येई, जो सॉफ्टवेअर ‘प्रिंटर बंद आहे’ असा दाखवी. मर्यादा छपाईच्या वाटेपुरती वाढवली, सगळ्या संकेतस्थळासाठी नव्हे. पलीकडच्या सर्व्हरशी बोलताना त्या आवृत्तीत एन्जिनएक्स आपण होऊन एचटीटीपी १.० वापरत होता, आयपीपीला १.१ अपेक्षित असल्यामुळे ते स्पष्ट लिहिले. विनंती पूर्ण हाती आल्यावरच पलीकडे पाठवण्याची त्याची मूळ रीत मात्र मुद्दाम तशीच ठेवली, कारण अर्धवट पीडीएफ शाखेत जाऊ नये हाच हेतू होता.

विनंती कोणत्या नावाच्या सर्व्हरसाठी आहे हे सांगणाऱ्या होस्ट या शीर्षकाने बराच वेळ घेतला. विनंती ज्या नावाने आली ते नाव कप्सला ओळखीचे नसेल तर तो सुरक्षेसाठी ४०० हा संकेत देऊन ती नाकारतो, आणि ब्राउझरमध्ये नुसते ‘बॅड रिक्वेस्ट’ दिसते. प्रॉक्सीने मूळ नाव पुढे पाठवायचे आणि कप्सच्या नेमणुकीत ‘सर्व्हरअलायस’ म्हणून तेच नाव नोंदवायचे, ही दोन्ही कामे केली तरच ते जुळते. ‘सर्व्हरअलायस’पुढे तारा (*) लिहून सगळीच नावे चालवून घेण्याचा उपाय पुष्कळ जण करतात, तो केल्याने ही तपासणी ज्यासाठी आहे तो हेतूच नाहीसा होतो.

मुख्य कार्यालयाच्या स्वतःच्या प्रिंटरांसाठी कप्स आणि एन्जिनएक्स एकाच यंत्रावर आहेत, आणि तेथे एक उघडे दार सापडले. कप्सच्या नेमणुकीत स्थानिक यंत्राला मोकळीक असते. प्रॉक्सीमधून आलेली प्रत्येक विनंती कप्सला स्थानिक यंत्राचीच वाटते, मग ती मुळात कोठूनही आलेली असो. त्यामुळे प्रॉक्सीच्या वाटेवरून फक्त छपाईच्या रांगांचे पत्ते जाऊ दिले, व्यवस्थापनाची पाने प्रॉक्सीतच अडवली, आणि छपाईच्या वाटेवर सॉफ्टवेअरच्या सर्व्हरखेरीज कोणालाही प्रवेश ठेवला नाही. कोणत्याही शाखेत वा मुख्य कार्यालयात ६३१ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे नाही. ही केवळ सावधगिरी नव्हे. वेब सर्व्हरला छपाईची दारे जोडण्याचे धोके जुने आहेत: विंडोज २००० मधील आयआयएस ५.० या वेब सर्व्हरच्या इंटरनेट प्रिंटिंगच्या भागात २००१ साली असा दोष निघाला होता की एका विनंतीने अख्खा सर्व्हर ताब्यात घेता येई. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या जोडीला येणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेतले दोष उघड झाले. ती यूडीपीच्या ६३१ पोर्टवर कोणाकडूनही आलेले पाकीट खरे मानून नवा प्रिंटर जोडून घेत असे. शाखांत प्रिंटर ठरलेले आहेत, ते शोधून काढायची गरज नाही; ती सेवा काढूनच टाकली.

दोनदा न छापण्याची तजवीज

एवढे सगळे करूनही मूळ प्रश्न, म्हणजे एकच पावती दोनदा छापली जाणे, पूर्ण सुटला नव्हता. कप्स उत्तर लगेच देतो म्हणून ५०४ येण्याची शक्यता फार कमी झाली, परंतु बोगदा नेमका विनंती पोहोचल्यावर आणि उत्तर परतण्यापूर्वी तुटला तर सॉफ्टवेअर पुन्हा त्याच जागी येते: काम गेले की नाही हे त्याला ठाऊक नसते. यावर उपाय वेब सर्व्हरच्या नेमणुकीत नाही. तो सॉफ्टवेअरने विचारायच्या प्रश्नांत आहे.

पूर्वी सॉफ्टवेअर एकाच विनंतीत काम आणि दस्तऐवज दोन्ही पाठवी. आता ते आधी ‘क्रिएट-जॉब’ ही कृती करते, मिळालेला कामाचा क्रमांक आणि यूयूआयडी (कामाची एकमेव ओळख) खतावणीत लिहिते, आणि मगच ‘सेंड-डॉक्युमेंट’ने पीडीएफ पाठवते. कामाचे नाव म्हणून ठेव क्रमांक दिलेला असतो. उत्तर हरवले तर सॉफ्टवेअर नवे काम पाठवत नाही. शाखेच्या रांगेला कामांची यादी विचारते आणि त्या नावाचे काम आहे का ते पाहते. दस्तऐवजाविना पडून राहिलेले काम काहीही छापत नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यातली चूक निरुपद्रवी ठरते. येथे कप्सची एक नेमणूक आडवी आली. दुसऱ्याच्या कामाचे नाव आणि पाठवणाऱ्याचे नाव कप्स मुळातच लपवतो, आणि सॉफ्टवेअर शाखेतल्या कर्मचाऱ्याच्या नावाने काम पाठवून स्वतःच्या नावाने यादी मागत होते. यादी येई, पण नावे रिकामी. सर्व कामे एकाच ओळखीने पाठवायची आणि कर्मचाऱ्याचे नाव खतावणीतच ठेवायचे, असे करावे लागले.

काम गेल्यावर त्याची स्थिती विचारली जाते. आयपीपीत ती आकड्यांत असते: ३ म्हणजे रांगेत, ५ म्हणजे चालू, ६ म्हणजे मध्येच थांबलेले, ७ रद्द, ८ सोडून दिलेले, ९ पूर्ण. पुन्हा छापण्याचे बटण स्थिती ७ किंवा ८ झाल्याखेरीज उघडत नाही. कागद संपला असेल तर प्रिंटर ते कारणासह सांगतो, आणि तो संदेश आता क्लार्कला मराठीत व कन्नडमध्ये दिसतो: ‘पावती रांगेत आहे. नमुना घाला. पुन्हा दाबू नका.’ माझ्या मते साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोगी बदल हाच आहे.

वीज गेल्यावर काय व्हावे याचा निर्णय मात्र तांत्रिक नव्हता. शाखेचा लहान संगणक इन्व्हर्टरवर चालतो. लेझर प्रिंटर चालत नाही, कारण तो तापताना फार वीज ओढतो. म्हणजे वीज जाते तेव्हा प्रिंटर पानाच्या मध्यात मरतो आणि रांग जिवंत राहते. वीज परत आली की रांग तेच काम पहिल्यापासून पाठवते, ही साध्या कागदांसाठी सोय आणि ठेव पावतीसाठी आपत्ती. म्हणून एकाच प्रिंटरसाठी दोन रांगा केल्या. उताऱ्यांच्या रांगेचे धोरण बिघाड झाल्यास पुन्हा प्रयत्न करण्याचे ठेवले. कप्सचे मूळ धोरण रांगच थांबवण्याचे असते, आणि थांबलेली रांग पुन्हा सुरू करणारा माणूस शाखेत नसतो. ठेव पावत्यांच्या रांगेचे धोरण काम सोडून देण्याचे ठेवले. प्रिंटरशी संपर्क तुटला तर कप्सचा खालचा थर धोरण न पाहता स्वतःच प्रयत्न करत राहू शकतो, यासाठी ठराविक मुदतीत काम पूर्ण न झाल्यास सॉफ्टवेअर ते स्वतः रद्द करते. लांबलेल्या भारनियमनात इन्व्हर्टरही संपतो. संगणक उठल्यावर अर्धवट कामे पुन्हा सुरू होऊ नयेत म्हणून कामांची जागा डिस्कवरून काढून रॅममध्ये ठेवली. छापून झालेले दस्तऐवज कप्स मूळ नेमणुकीत एक दिवस जपून ठेवतो. सोने तारणाचे आणि कर्जाचे कागद असे शाखेच्या कोपऱ्यातल्या पेटीत पडून राहणे योग्य नव्हते, म्हणून तेही बंद केले.

काम रद्द झाले म्हणजे कागदावर काहीच उमटले नाही असे नव्हे. ते यंत्राला कळत नाही, माणसालाच पाहावे लागते. रद्द किंवा सोडून दिलेल्या प्रत्येक पावतीनंतर सॉफ्टवेअर आता नमुन्याचा अनुक्रमांक विचारते: नमुना कोरा परत घेतला, की त्यावर छपाई झाली. छपाई झाली असेल तर तो ‘रद्द’चा शिक्का मारून नमुन्यांच्या रजिस्टरला जोडायचा आणि त्यानंतरच नवी पावती. खानापूरचा तो आज्ञा आधी, नमुना नंतर हा रिवाजही उलटा केला आहे. अनुक्रमांक भरल्याशिवाय आता छपाईच सुरू होत नाही.

दोन लिप्या

या शाखांत पावतीवर कन्नड आणि मराठी दोन्ही मजकूर असतो. पूर्वी शाखेतल्या प्रत्येक संगणकावर जुन्या सांकेतिक रचनेचे फाँट बसवलेले असत आणि एखाद्या संगणकावर ते नसले की वेलांटी भलतीकडे जाई किंवा ओत्तक्षरे (कन्नडची खाली लिहिली जाणारी जोडाक्षरे) सुटून पडत. पीडीएफ सर्व्हरवरच, युनिकोडमध्ये, जोडाक्षरे नीट बांधणाऱ्या लायब्ररीतून आणि फाँट आत घालून तयार होऊ लागल्यावर प्रिंटरला लिपीशी कर्तव्य उरले नाही. एक अडचण अनपेक्षित होती. आयपीपीत कामाच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी वा कन्नड लिपीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे जागा ८५ चिन्हांचीच. संयुक्त ठेवीदारांची पूर्ण नावे, योजनेचे नाव आणि शाखा एका ओळीत घातल्यावर ती भरून वाहत असे. नावात फक्त ठेव क्रमांक ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

राहिलेले काम

पासबुकाचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर या मांडणीबाहेर आहेत. ते यूएसबीने जोडलेले, सॉफ्टवेअरकडून थेट त्यांच्या भाषेतल्या आज्ञा घेणारे. कप्समध्ये त्यांना ‘रॉ’, म्हणजे आलेले बाइट जसेच्या तसे पुढे देणारी, रांग करावी लागते. अशा रांगेत काम ‘पूर्ण’ याचा अर्थ बाइट तारेवरून गेले एवढाच असतो, पासबुकात ओळ उमटली असा नसतो, त्यामुळे वर वर्णन केलेली स्थितीची विचारपूस तेथे पोकळ ठरते. शिवाय रॉ रांगा पुढच्या आवृत्त्यांत चालणार नाहीत अशी सूचना कप्स आजच देतो. संस्थेपुढे दोन पर्याय आहेत: हे प्रिंटर सांभाळणारा स्वतंत्र प्रिंटर ॲप्लिकेशन लिहून घेणे, किंवा पासबुकाची छपाई काउंटरवरच ठेवून शेवटची छापलेली ओळ कोणती हे कॅशियरने नोंदवणे. खर्च पाहता तूर्त दुसरा पर्याय चालू आहे, आणि तो मला पटतो. पासबुकात एक ओळ दोनदा उमटली तर ग्राहक ती काउंटरवरच दाखवतो आणि कॅशियर तेथेच खोडून सही करतो, ठेव पावतीच्या बाबतीत तशी सोय नव्हती.